रोबोट लिहिला, पण यादीत दिसतच नाही!

मागच्या अंकात रोबोकोडबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, या गेममध्ये रणगाडा तुम्ही चालवत नाही, त्याचा मेंदू तुम्ही जावामध्ये लिहायचा, तो मैदानात सोडायचा आणि मग बाहेर बसून बघायचं, मधे हात घालता येत नाही. गंमत म्हणजे आलेल्या प्रश्नांत डावपेचांबद्दल विचारणारे दोन-तीनच, बाकी सगळे दारातच अडकलेत, प्रोजेक्ट उभा करण्यात. म्हणून आजची जागा बहुतेक त्यालाच.

ताई, एक्लिप्समध्ये (कोड लिहायचा एडिटर) नवीन प्रोजेक्ट केला आणि रोबोटचा क्लास लिहिला तर पहिल्याच ओळीला लाल रेघ, रोबोट म्हणजे काय हेच त्याला कळेना. मित्र म्हणाला गेमची जार (तयार क्लासेसचं गाठोडं असलेली फाइल) टाक, टाकली, लाल रेघ गेली. पण गेममध्ये न्यू बॅटल उघडलं तर यादीत माझा रोबोट नाहीच! दोन संध्याकाळी गेल्या यात. काय चुकतंय?

काही चुकत नाहीये, अर्धं काम झालंय आणि अर्धं राहिलंय एवढंच. हे लग्न जुळवण्यासारखं आहे बघ, ओळख दोन्ही बाजूंनी करून द्यायला लागते. एक्लिप्सला गेमची ओळख हवी, म्हणजे तू 'रोबोट' लिहिलंस की तो क्लास कुठला ते त्याला कळेल, आणि गेमला तुझ्या प्रोजेक्टची ओळख हवी, म्हणजे तयार झालेला रोबोट कुठून उचलायचा ते त्याला कळेल. पहिली ओळख तू करून दिलीस (गेमच्या फोल्डरमध्ये लिब्स नावाचं फोल्डर असतं, त्यातली रोबोकोड डॉट जार ही फाइल प्रोजेक्टच्या बिल्ड पाथमध्ये (एडिटरने क्लास कुठे कुठे शोधायचे त्या यादीत) घालायची, तेच तू केलंस), दुसरी कुणी सांगितलीच नाही. जवळजवळ सगळे इथेच थांबतात, कारण लाल रेघ गेली की माणसाला वाटतं झालं.

आता दुसरी बाजू. गेममध्ये ऑप्शन्स, त्यात प्रेफरन्सेस, त्यात डेव्हलपमेंट ऑप्शन्स असा टॅब आहे. तिथे ॲड करून तुझ्या प्रोजेक्टचं ते फोल्डर द्यायचं जिथे कंपाइल झालेल्या (मशीनला चालवता येईल अशा रूपात बदललेल्या) क्लास फाइली पडतात. सोर्सचं, म्हणजे तू लिहिलेल्या कोडचं फोल्डर नाही, परत सांगते, सोर्सचं नाही. एक्लिप्समध्ये ते बहुतेक बिन असतं, इंटेलिजे या दुसऱ्या एडिटरमध्ये आऊट, त्यात प्रॉडक्शन आणि त्यात मॉड्यूलच्या नावाचं फोल्डर, मेव्हन हे बिल्ड करणारं टूल वापरत असशील तर टार्गेटमधलं क्लासेस, आणि ग्रेडल असेल तर बिल्ड, क्लासेस, जावा, मेन असं चार पायऱ्या खाली उतरून जावं लागतं. ओके करून न्यू बॅटल परत उघड, तुझा रोबोट यादीत येईल आणि त्याच्या नावापुढे छोटी चांदणी असेल. ती चांदणी म्हणजे हा अजून कच्चा आहे, डेव्हलपमेंटमधला, इतरांना देण्यासाठी एका फाइलीत बांधलेला नाही. ती बघून घाबरू नकोस, ती दिसली म्हणजे जिंकलास.

तरीही नाही दिसला तर? मग एकेक बघत जा. आधी फाइल मॅनेजर उघडून त्या बिन फोल्डरमध्ये खरंच डॉट क्लास फाइल आहे का ते डोळ्यांनी बघ, कारण कोडमध्ये कुठेतरी एक चूक राहिली असेल तर फाइल तयारच होत नाही किंवा कालची जुनी तशीच पडलेली असते. मग पाथची पातळी बघ, आणि इथे मी स्वतः तासभर घालवलाय. समजा पॅकेजचं (क्लास ज्या गटात ठेवलाय त्याचं) नाव वाघ आणि रोबोटचं नाव पहिला, तर फाइल असते बिन, त्यात वाघ, त्यात पहिला डॉट क्लास. गेमला सांगायचं फक्त बिनपर्यंत. मी अतिशहाणपणाने वाघपर्यंत दिलं होतं, मग गेमला तिथे पहिला नावाची फाइल दिसते पण ती आतून म्हणते मी वाघमधली, दोघांचं जुळत नाही आणि रोबोट यादीत येत नाही, मी आपली कोडमध्ये चूक शोधत बसले होते.

आणखी एक खोडी आहे, ही नव्या एक्लिप्सवाल्यांना हमखास लागते. नवीन जावा प्रोजेक्ट करताना खाली मॉड्यूल-इन्फो नावाची फाइल बनवू का असं विचारतात, तिथली टिक काढून टाक. ती फाइल बनली की जार बिल्ड पाथमध्ये असूनसुद्धा 'रोबोट' सापडत नाही, लाल रेघ परत हजर, आणि जार तर तू टाकलेली असतेस त्यामुळे डोकं चालत नाही. बनली असेल तर सरळ डिलीट कर, या कामाला तिची गरज नाही.

यादीत दिसतो पण लढाई सुरू केली की अनसपोर्टेड क्लास व्हर्जन असं काहीतरी येतं आणि ६१ वगैरे आकडे दिसतात. गेम बिघडलाय का?

गेम ठीक आहे. तुमच्या मशीनवर दोन जावा आहेत, एडिटर नव्या जावाने कंपाइल करतोय आणि गेम जुन्या जावावर चालतोय, आणि जुन्याला नव्याची भाषा वाचता येत नाही. उलटं चालतं, नवा जुन्याचं वाचतो. ते आकडे म्हणजे कोडं नाहीये, ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१, एरर नीट वाचली तर त्यातच लिहिलेलं असतं की फाइल कुठल्या आकड्याची आहे आणि चालवणाऱ्याला कितीपर्यंत झेपतं. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये कंपायलर लेव्हल खाली आणा, नाहीतर गेम त्याच नव्या जावावर चालवा. मी पहिला उपाय करते, कारण उद्या रोबोट दुसऱ्या कुणाला पाठवला तर त्याच्याकडे कुठला जावा असेल ते आपल्याला कुठे माहीत.

प्रोजेक्ट कुठे ठेवायचा? गेमच्या फोल्डरमध्ये आधीच रोबोट्स नावाचं फोल्डर आहे, तिथेच काम केलं तर एवढं पाथ देण्याची भानगडच नको ना?

भानगड नको हे खरं. गेममध्येच एक एडिटर येतो, कंपायलरसुद्धा बरोबर येतो, रोबोट मेनूतून सोर्स एडिटर उघडायचा, नवीन रोबोट म्हणायचं, नाव आणि पॅकेज द्यायचं की सांगाडा तयार, कंपाइल दाबलं की लगेच यादीत. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना हेच सांगते, कुठलंही एक्लिप्स-बिक्लिप्स न लावता आधी यातच एक रोबोट पळवून बघा. काहीतरी हललं की माणूस टिकतो, नाहीतर सेटिंग करता करताच उत्साह संपतो.

पण दुसऱ्या दिवसापासून बाहेर पडा. मी बाहेर पडले नव्हते. सहा-सात रोबोट त्या रोबोट्स फोल्डरमध्येच लिहिले, एक तर बऱ्यापैकी लढायला लागला होता, आणि मग गेमची नवीन आवृत्ती आली म्हणून मी जुनं फोल्डर अख्खं उडवलं आणि नवीन टाकलं. कळायला दोन मिनिटं लागली की मी काय केलंय. ट्रॅशसुद्धा रिकामं केलं होतं, स्वच्छतेची हौस! तेव्हापासून नियम एकच, गेम एका जागी, माझं कोड दुसऱ्या जागी, आणि दोघांमध्ये फक्त तो पाथ. आणि कोडच्या फोल्डरमध्ये पहिल्या दिवशीच गिट (बदलांची नोंद ठेवणारं टूल) सुरू करा, बिन फोल्डर इग्नोरमध्ये टाका, आणि लढाईत फरक पडेल असा प्रत्येक बदल कमिट करा, म्हणजे त्यात नोंदवा, मेसेजमध्ये निकाल लिहा, म्हणजे 'वॉल्सविरुद्ध १०० पैकी ६२' असं काहीतरी (वॉल्स हा गेमबरोबर येणारा एक तयार रोबोट). रोबोट सुधारतोय असं वाटत असताना तो बिघडत गेलेला असतो, आणि कालचा बरा होता हे परवा कळतं.

पॅकेजच्या नावाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून इथेच सांगते. द्यायचंच, रिकामं ठेवायचं नाही, आणि टेस्ट किंवा मायरोबोट असलं काही नको, स्वतःची अक्षरं वापरा. दोघा मित्रांनी आपापला टेस्ट पॅकेजमधला टँक आणला की कोण कुणाचा हे शोधत बसावं लागतं.

प्रोजेक्ट चालला, रोबोट चालला, पण तोफ वेड्यासारखी गोल फिरते! शत्रू समोर असतो, हा पूर्ण चक्कर मारून येतो आणि मग हवेत गोळी. कोड तर अगदी बरोबर वाटतंय: माझी दिशा अधिक शत्रूचा बेअरिंग (माझ्या तोंडापासून तो किती अंशांवर आहे ते) वजा तोफेची दिशा, एवढं उजवीकडे वळव.

तुझं गणित बरोबर आहे, फक्त शेवटची पायरी राहिलीय. एक लढाई हातात घेऊनच बघू. तुझा रोबोट ३५० अंशांकडे तोंड करून उभा आहे (या गेममध्ये शून्य म्हणजे वर, आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाढत जातं). शत्रू तुझ्या उजवीकडे २० अंशांवर, म्हणजे बेअरिंग २०. तोफ ५ अंशांवर. आता तुझ्या सूत्रात टाक, ३५० अधिक २० वजा ५, उत्तर ३६५. तू म्हणालास ३६५ अंश उजवीकडे वळ, ती बिचारी वळते, तिला काय माहीत की ३६५ म्हणजे ५. तोफ एका टर्नला (गेमच्या घड्याळाच्या एका ठोक्याला) जास्तीत जास्त २० अंश वळते, म्हणजे जे काम एका टर्नमध्ये झालं असतं त्याला १९ टर्न लागले. तेवढ्यात शत्रू पूर्ण वेगात असेल तर दर टर्नला ८ पिक्सेल, म्हणजे दीडशे पिक्सेल लांब गेला. रोबोट स्वतः ३६ पिक्सेलचा चौकोन आहे, म्हणजे चार रोबोट मावतील एवढी जागा मधे पडली. हवेत गोळी जाणार नाही तर काय होणार!

उपाय गेममध्येच दिलेला आहे, युटिल्स क्लासमध्ये नॉर्मल रिलेटिव्ह अँगल नावाचं फंक्शन आहे, अंशांमध्ये काम करत असशील तर त्याच नावाच्या शेवटी डिग्रीज लावलेलं घे. कुठलाही कोन दिला की ते वजा १८० ते १८० मध्ये आणून देतं, म्हणजे तोफ नेहमी जवळच्या बाजूने वळते. सूत्राभोवती ते गुंडाळ, बस.

अजून एक गोष्ट, जी तू विचारली नाहीस पण पुढच्या आठवड्यात विचारशील. रडार तोफेवर बसलंय आणि तोफ गाडीवर, त्यामुळे गाडी वळली की तोफ पण वळते आणि तोफेबरोबर रडार पण. तू तोफ नेमकी लावलीस आणि मग गाडी ३० अंश वळवलीस तर नेम गेला. सुरुवातीलाच रन मेथडमध्ये, लूपच्या आधी, सेट ॲडजस्ट गन फॉर रोबोट टर्न आणि सेट ॲडजस्ट रडार फॉर गन टर्न हे दोन्ही ट्रू करून टाक, मग तिघं स्वतंत्र फिरतात. आणि रोबोट क्लास सोडून ॲडव्हान्स्ड रोबोटवर ये, कारण साध्यात तोफ वळत असताना गाडी जागेवर उभी राहते, एक झालं की दुसरं. ॲडव्हान्स्डमध्ये सेट लावलेल्या आज्ञा देत जायच्या आणि शेवटी एक्झिक्यूट म्हणायचं, सगळं एकदम सुरू होतं. एक्झिक्यूट विसरलास तर काहीच हलत नाही, हे पण होतं, सगळ्यांचं होतं.

आणि गोळी नेहमी ३ च्या ताकदीची मारत असशील तर थोडा हात आखड. ३ ची गोळी लागली तर १६ चं नुकसान करते हे खरं, पण ती हळू असते, टर्नला ११ पिक्सेल, १ ची गोळी १७ ने जाते. पाचशे पिक्सेल लांबच्या शत्रूवर ३ ची मारलीस तर पोचायला ४५ टर्न, तेवढ्यात तो साडेतीनशे पिक्सेल सरकू शकतो. शिवाय ३ ची मारली की तोफ १.६ एवढी तापते, थंड होते टर्नला ०.१ ने, म्हणजे १६ टर्न गप्प बसायचं. प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला तर तोफ ३.० एवढी तापलेलीच असते, पहिले ३० टर्न कुणालाच गोळी मारता येत नाही, त्यामुळे 'माझी फायर कमांड सुरुवातीला चालत नाही' असं ज्यांनी लिहिलंय त्यांनाही उत्तर मिळालं. जवळ असेल तर ३, लांब असेल तर १, एवढा एक इफ लावला तरी फरक दिसेल.

ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवायची खूण) टाकून डीबग करायला गेले तर रोबोट मध्येच मान टाकतो. मग चुका शोधायच्या कशा?

अगं, तू ब्रेकपॉइंटवर चहा पीत बसलीस तरी तुझ्या रोबोटला प्रत्येक टर्नला ठरावीकच वेळ मिळतो, तेवढ्यात उत्तर दिलं नाही की टर्न हुकतो. म्हणून इथे जुनी प्रिंट पद्धतच कामाची. आऊट डॉट प्रिंटएलएन लिहिलं की ते रोबोटच्या स्वतःच्या कन्सोलमध्ये जातं, लढाई चालू असताना उजवीकडे प्रत्येक रोबोटच्या नावाचं बटण असतं, ते दाबलं की कन्सोल उघडतो. एक्सेप्शन आली तरी तिथेच दिसते, त्यामुळे रोबोट अचानक पुतळा झाला तर आधी तिथे बघायचं.

त्याहून भारी म्हणजे ऑन पेंट. या मेथडमध्ये तू मैदानावरच चित्र काढू शकतेस, शत्रू शेवटचा कुठे दिसला तिथे लाल गोल, आपण नेम कुठे धरला तिथे फुली. कन्सोलच्या खिडकीतलं पेंट बटण दाबायला विसरू नकोस, नाहीतर काही दिसणार नाही आणि चित्र काढायच्या कोडमध्येच चूक शोधत बसशील. मग खालच्या स्लायडरने वेग अगदी कमी कर आणि बघ, गोल आणि फुली यांच्यात किती अंतर पडतंय. मला स्वतःला कोड वाचून जे कळलं नव्हतं ते असं बघून पाच मिनिटांत कळलं.

मला जावा येत नाही, पायथॉन येतं. आणि हा गेम फार जुना आहे म्हणतात, आत्ता सुरू करण्यात अर्थ आहे का?

जुना तर आहेच. मॅथ्यू नेल्सनने २००० साली हौस म्हणून सुरू केला, २००१ मध्ये आयबीएमच्या अल्फावर्क्स या नव्या सॉफ्टवेअरच्या साइटवर आला, २००५ मध्ये ओपन सोर्स झाला आणि मग फ्लेमिंग लार्सनने तो सांभाळला. जुना असण्याचा एक फायदा असा की नवशिक्या जिथे अडकतो तिथे आधी हजारो लोक अडकून गेलेत.

पायथॉनवाल्यांनी मात्र रोबोकोड टँक रॉयाल घ्यावं, हा त्याचाच नवा अवतार. यात गेमचा सर्व्हर वेगळा आणि तुमचा बॉट वेगळा प्रोग्राम, दोघं वेबसॉकेटवरून (दोन प्रोग्रामना नेटवर्कवरून बोलायची सोय) बोलतात, म्हणून बॉट कुठल्या भाषेत आहे याच्याशी सर्व्हरला देणंघेणं नाही. पण गेम चालवायला जावा लागतोच, ११ किंवा त्यापुढचा, तेवढा टाका. प्रोजेक्टची मांडणी इथे वेगळी आहे: बॉटच्या नावाचं एक फोल्डर, आत त्याच नावाची कोडची फाइल, त्याच नावाची जेसन फाइल ज्यात नाव, आवृत्ती आणि लेखक, आणि त्याच नावाची सुरू करणारी स्क्रिप्ट, विंडोजसाठी सीएमडी आणि बाकीच्यांसाठी एसएच. हे सगळं नाव अक्षरशः तेच हवं, कॅपिटल-स्मॉल सकट, एका ठिकाणी छोटं अक्षर पडलं आणि बॉट दिसेना असं एकाने लिहिलंय. मग गेमच्या सेटिंगमध्ये बॉटचं फोल्डर नाही, त्याच्या वरचं फोल्डर द्यायचं, ज्यात सगळे बॉट राहतात. (परत तोच पातळीचा घोळ, बघितलंत?)

आणि जुन्यातून नव्यात येणाऱ्यांनो, कोन बदललेत! इथे शून्य म्हणजे उजवीकडे आणि घड्याळाच्या उलट वाढतं, शाळेच्या गणितासारखं. जुनं कोड तसंच आणलंत तर रोबोट आत्मविश्वासाने भलतीकडेच गोळ्या मारेल.

मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला झेपेल का?

ज्युनियर रोबोट नावाचा क्लास मुद्दाम त्यासाठीच आहे. त्यात वर तोफेचं जे गणित केलं ते करावंच लागत नाही, शत्रू कुठल्या कोनावर दिसला ते स्कॅन्ड अँगलमध्ये तयार मिळतं आणि तोफेला टर्न गन टू म्हणून तो कोन द्यायचा. एक्लिप्स वगैरे अजिबात लावू नका, गेमच्या आतलाच एडिटर. आणि पहिली लढाई सॅम्पलमधल्या सिटिंग डकशी लावा, तो नुसता बसून राहतो, जिंकायला बरं वाटतं. वॉल्सशी नका लावू, तो भिंतीच्या कडेने पळत मारतो आणि नवीन माणसाला रडवतो, मोठ्यांनाही.

शेवटचं, माझा रोबोट शत्रूच्या सवयी लिहून ठेवतो, पण दुसऱ्या राउंडला सगळं विसरतो. फाइलमध्ये लिहू का?

फाइलची गरज नाही. प्रत्येक राउंडला तुझ्या रोबोटचा ऑब्जेक्ट नव्याने जन्माला येतो, म्हणून साधी व्हेरिएबल्स कोरी होतात, स्टॅटिक केलीस तर ती लढाई संपेपर्यंत टिकतात. सवयी स्टॅटिकमध्ये ठेव, जागा नको. मी शत्रूची शेवटची जागा पण स्टॅटिक केली होती, आणि नव्या राउंडला सगळे रोबोट नव्या ठिकाणी उभे राहतात, त्यामुळे माझा शूरवीर प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला तोफ थंड झाली रे झाली की रिकाम्या कोपऱ्यावर गोळ्या झाडत होता.